तीन शेर कळी, एक शेर पाणी

आमच्या धाकट्याने गेल्या पावसाळ्यात घरात एक यंत्र आणलं. उभी पेटी, खाली चाकं, पोटात बादली. हवेतली ओल ओढून बादलीत पाणी साठवतं म्हणे. ते घेण्याआधी चार दिवस त्याने चौकशा केल्या. खोली किती बाय किती, दिवसाला किती लिटर, आवाज किती, वीज किती. मला मात्र एका शब्दाने विचारलं नाही. ठाण्याच्या बाजारपेठेत चुन्या-रंगाच्या दुकानात मी उभं आयुष्य काढलं. ओल हाच माझा धंदा. पण घरच्या म्हाताऱ्याला कोण विचारतो!

आठवड्याने तोच माझ्याकडे आला. "बाबा, बादली दिवसातून दोनदा भरतेय. मशीन लहान पडलं वाटतं. मोठं घेऊ का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "आधी मला सांग, पाणी येतंय कुठून?"

"कुठून म्हणजे? पावसाळा आहे, बाबा!"

हे उत्तर माझ्या ओळखीचं होतं. मीच ते दिलेलं, बाविसाव्या वर्षी, डोंबिवलीच्या एका घरात, छाती पुढे काढून. त्या उत्तरापायी एका घराची घडी मोडायची वेळ आलेली, आणि ती मोडू नये म्हणून जे मी केलं त्याची लाज मला आजही वाटते. म्हणून ही हकीकत.

आम्ही कोपरीचे कोळी. वडील खाडीतून शिंपल्या गोळा करून चुना भाजायचे, आई मासळी विकायची. मी सातवी झालो आणि खाडीत उतरण्याऐवजी शेठच्या दुकानात उभा राहिलो. शेठ भला माणूस, पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं की त्याला जेवण जात नसे. स्वातंत्र्य मिळून तेव्हा चार-पाच वर्षं झालेली. गिरगाव-दादरची नोकरदार मंडळी जागेला कंटाळून डोंबिवली-कल्याणला येत होती. कुणी भातखाचराच्या कडेला घर बांधलेलं, कुणी बैठ्या चाळीत बिऱ्हाड केलेलं. पहिला पावसाळा गेला की दुसऱ्याला ही माणसं आमच्या दुकानात हजर. कपाटातल्या कोटाला बुरशी, पुस्तकांना वास, मीठ बरणीत पाझरतंय, काड्यापेटी पेटत नाही. "काहीतरी द्या हो ओल घालवायला!"

तेव्हा यंत्रं नव्हती. पण निवड होतीच की. कोळसा होता, तो वास खातो, पाणी फारसं पीत नाही. खडे मीठ पाणी पितं, पण ऊन पडलं की प्यायलेलं परत ओकतं. कपाटात बारका दिवा लावून ठेवायचा, पण त्याला वीज हवी, आणि ती दर दुसऱ्या संध्याकाळी दगा द्यायची. काहीजण बंद खोलीत शेगडी ठेवत. त्यांना मी हात जोडून सांगायचो, बाबांनो, ओल राहिली बाजूला, सकाळी तुम्हीच उठणार नाही. या सगळ्यांत खरा पैलवान म्हणजे कळीचा चुना, न विझवलेला. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडायची, डबा अर्धाच भरायचा, कारण कळी पाणी प्यायली की फुगते. विटेवर ठेवायचा, पोराबाळांच्या हाताबाहेर. तीन शेर कळी साधारण शेरभर पाणी पिते आणि तिचं पीठ होतं. डबा काट्यावर ठेवला की खोलीने किती पाणी दिलं ते कळतं. पीठ झालं की नवी कळी. शेठला हा भाग फार आवडायचा.

आता 'अर्धाच भरा' म्हटलं की शहाणा माणूस अर्धाच भरेल. कल्याणचे एक वकील होते. त्यांनी डबा काठोकाठ भरला आणि नेमका गळक्या कौलाखाली ठेवला. पाण्याची धार आत पडली, कळी खदखदून उकळली, झाकण उडून तुळईला लागलं आणि वकीलसाहेबांच्या सगळ्या कज्ज्यांच्या कागदांवर पांढरा सडा पडला. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मला म्हणाले, "तुझ्यावर दावा लावीन." मी म्हटलं, "लावा, पण साहेब, कागद कोरडे झाले ना?" शेठ आत जाऊन हसत बसले.

असा मी तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकांना गंमत वाटायची आणि मला वाटायचं, आपल्यासारखा हुशार कोणी नाही.

वसंतराव दुकानात आले ते आषाढात. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीत कारकून, डोंबिवलीत तीन खोल्यांत भाड्याने राहत. माणूस इतका सरळ की भाव विचारायलाही संकोचायचा. घरात तिघंच. ते, त्यांची बायको सुमतीबाई आणि आत्या. वसंतरावांचे आईबाप लहानपणीच गेलेले. आत्या बालविधवा, तिने यांना वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. सगळे तिला आत्याबाई म्हणत. सुमतीबाई साताऱ्याकडच्या, कोरड्या हवेत वाढलेल्या. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांना दमा लागला. यंदा दुसरा पावसाळा, आणि श्वास असा अडकायचा की दोन वाक्यं बोलायची तर मध्ये थांबावं लागे.

"डॉक्टर म्हणतात, घर कोरडं करा," वसंतराव म्हणाले. मग खिशातून पत्र काढलं आणि न उलगडताच परत ठेवलं. "सासऱ्यांनी लिहिलंय, गौरी-गणपतीच्या आधी येतो. मुलीत फरक दिसला नाही तर घेऊन जाणार. आणि पुन्हा या हवेत पाठवणार नाही म्हणतात. कायमचंच, हरीभाऊ."

हातात जेमतेम दोन महिने होते. मी म्हटलं, "साहेब, काळजी सोडा. ओलीला मी ओळखतो."

रविवारी मी डोंबिवलीला गेलो. माझी एक परीक्षा होती, तिचा मला फार गर्व. खिडकीच्या काचेचा वीतभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी काचा बसवायच्या लुकणाने चिकटवायचा. दोन दिवसांनी काचेच्या मागे, भिंतीच्या अंगाला, पाणी दिसलं तर ओल भिंतीची. मग चुना काय कामाचा? गवंडी बोलवा, खाडीची खारी रेती वापरलेला गिलावा उतरवा. पण काचेच्या पुढे, खोलीच्या अंगाला, थेंब आले तर ओल हवेतली. ती कळीने जाते. मी दोन खोल्यांत दोन काचा लावल्या. तिसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, त्यातच देव. तिथे मी जायचं नव्हतं. कोणी अडवलं नाही, पण उंबऱ्याच्या आत आत्याबाई उभ्या होत्या, अलवण नेसलेल्या, किडकिडीत, ताठ. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मी होतो तिथेच थांबलो. त्या काळात हे सांगावं लागत नसे.

दोन दिवसांनी थेंब काचेच्या पुढे. मी खूश! "भिंत निर्दोष आहे, साहेब. हवेतली ओल."

"हवेत एवढं पाणी कुठून येतं?" सुमतीबाईंनी विचारलं. अगदी हाच प्रश्न.

"वहिनी, पावसाळा आहे!" मी म्हटलं, आणि तीन डबे मांडले.

दर तीन-चार दिवसांनी मी नवी कळी घेऊन ठाण्याहून जायचो, डबे काट्याला लावायचो, आकडा वहीत टिपायचो. डबे तुडुंब प्यायचे. मला वाटायचं, काय माझी कळी! पण सुमतीबाईंचा श्वास होता तिथेच होता. आणखी एक गोष्ट माझ्या वहीतच लिहिलेली होती. स्वयंपाकघराच्या दाराजवळचा डबा इतर दोघांच्या दुप्पट जड व्हायचा. मी म्हणायचो, चुलीवर भाताची वाफ असेल. श्रावण लागला. वसंतरावांनी आता मला विचारणंही सोडलेलं. नुसते दार उघडायचे आणि बाजूला व्हायचे. एकदा सुमतीबाईंची ट्रंक माळ्यावरून खाली काढून, पुसून भिंतीशी ठेवलेली दिसली. मला घास गोड लागेना.

त्या रात्री जेवताना आईपाशी बोललो. चुना तर मण-मण पाणी पितोय, मग घर कोरडं का होत नाही? आई सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या घरान कोनी तरी वल्लं जालं टांगलंय."

"अगं, ती कारकून माणसं, त्यांच्याकडे जाळं कुठलं?"

"मंग जाल्यासारखं काय तरी असंल. तू घर बगितलंस का सगलं?"

आमच्यात ओलं जाळं कधी घरात आणत नाहीत. सुती जाळं, दोन दिवस पाणी सोडत राहतं, सुकट सादळते, पोरं खोकतात. आई हे मला पाळण्यापासून सांगत आलेली. आणि मी सगळं घर बघितलेलं नव्हतं. दोन खोल्या बघितल्या आणि तिसरीची वाफ ठरवून मोकळा झालो.

आजच्या मुलांना सोवळं सांगायला हवं. देवाचं आणि स्वयंपाकाचं करताना नेसायचं वस्त्र धुवायचं आणि कुणाचा स्पर्श होणार नाही अशा जागी वाळत घालायचं. त्यासाठी आढ्याजवळ आडवी वेळूची काठी टांगलेली असे, ती वळणी. दुसऱ्या लांब काठीने कपडे त्यावर सारायचे. उन्हाळ्यात ते परसात वाळतं. पावसाळ्यात कुठे वाळणार? घरातच, चुलीच्या खोलीत.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो आणि वसंतरावांना विचारलं. ते म्हणाले, "हो, आहे ना वळणी. आत्याबाईंचं रोजचं लुगडं, माझे दोन पंचे. पण ते तर पिळलेले असतात."

"वजन करू या," मी म्हटलं.

झालं! पण करणार कोण? मी हात लावायचा नाही, काटा माझा, म्हणजे तोही चालायचा नाही. शेवटी वसंतरावांनी ताणकाटा धुतला, स्वतः आंघोळ केली आणि ओलेत्याने आत गेले. मी उंबऱ्याबाहेर वही घेऊन बसलो. आतून आवाज आला, "लुगडं ओलं, दोन शेर!" मग पंच्यांचा आकडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळा सोहळा. "लुगडं सुकं, एक शेर!" मी बेरीज केली. पंचे धरून दिवसाला दीड शेर पाणी त्या वळणीवरून घरात उतरत होतं, आणि माझे तिन्ही डबे मिळून जेमतेम शेरभर प्यायचे. खिडक्या तर माझ्याच सांगण्यावरून बंद, कळी बाहेरची हवा पिऊन फुकट जाऊ नये म्हणून! दीड महिना मी त्या घराचं झाकण लावून ठेवलेलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. वसंतरावांना बाजूला घेऊन हळूच सांगायला हवं होतं. पण कोडं सुटल्याचा आनंद असा चढला होता, की मी वही आपटली आणि ओरडलो, "सापडलं! साहेब, वहिनींचा दमा त्या वळणीवर वाळत घातलाय!"

सुमतीबाईंनी मान खाली घातली. आत आत्याबाई होत्या, मला त्यांचं फक्त पाऊल दिसत होतं. ते पाऊल हललं नाही. मग भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, नेहमीसारखा.

दुकानात मी हे वाक्य तीन जणांना ऐकवलं. सगळे हसले. घरी आईला ऐकवलं. ती हसली नाही. "त्या म्हातारीनं त्याला वाढवलाय ना? तिला असं बोललास? सुनंच्या म्होरं?" मी म्हटलं, खरं तेच बोललो. "खरं व्हतं म्हनून तर हलू बोलायचं," आई म्हणाली आणि माझ्यापुढचं ताट उचलून घेऊन गेली.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. दार वसंतरावांनी उघडलं. खिडक्या सताड उघड्या. ते कुजबुजले, "आत्याबाईंनी वळणी रिकामी केली. त्याच दिवशी. धाबळी काढलीय पेटीतून." धाबळी म्हणजे लोकरीचं सोवळं. लोकरीला विटाळ लागत नाही म्हणून ती रोज धुवायची नसते, वाळत घालायची नसते. शास्त्राला धरूनच वाट काढलेली, कुणाला बोट ठेवता येऊ नये अशी. पंच्यांऐवजी वसंतराव मुकटा, म्हणजे रेशमी सोवळं, नेसायला लागले. "मी म्हटलं, आत्याबाई, एवढ्या उकाड्यात लोकर? तर म्हणाल्या, मला थंडी वाजते."

डबे काट्याला लावले. निम्म्यापेक्षा कमी प्यायलेले. सुमतीबाई चहा घेऊन आल्या आणि एका दमात म्हणाल्या, "हरीभाऊ, आज मी विहिरीवरून एकटीने पाणी आणलं." एका दमात!

सासरे आले ते हरताळकेच्या आदल्या दिवशी. दोन रात्री राहिले, लेकीचा श्वास ऐकला आणि एकटेच साताऱ्याला गेले. ट्रंक पुन्हा माळ्यावर चढली. वसंतरावांनी दुकानात पेढे आणले, शेठने चार खाल्ले आणि म्हणाले, "हरी, गिऱ्हाईक बरं केलंस, आता चुना कोण घेणार?" मी हसलो. पण आत्याबाई माझ्याशी बोलल्या नव्हत्या. पूर्वी उंबऱ्याआडून 'आला का चुनेवाला' एवढं तरी म्हणत. आता तेही नाही. मीही मग जायचं टाळलं.

पुढच्या वर्षी मृग लागायच्या आत वसंतराव दुकानात आले. म्हटलं, पुन्हा दमा की काय! ते म्हणाले, "सुमती ठीक आहे. तुला आत्याबाईंनी बोलावलंय. येताना काच आणि लुकण आण म्हणाल्या."

गेलो. जाताना वाटभर मनात माफीची वाक्यं जुळवत होतो आणि एकही धड जुळत नव्हतं. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाय धू आणि आत ये."

मी वसंतरावांकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा माझ्यासारखाच झालेला.

"अरे, त्याच्याकडे काय बघतोस? दोन खोल्या बघितल्यास आणि तिसरी राहिली, म्हणून सुनेचा दीड महिना गेला माझ्या. यंदा आधी ही खोली बघ."

मी पाय धुतले, दोनदा धुतले, आणि उंबरा ओलांडला. चूल, देव, पाट, घासून लख्ख केलेली भांडी. मी भिंतीला काच लावली. लुकण सगळीकडे फासलं गेलं. आत्याबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. काम झाल्यावर त्यांनी वर बोट केलं. "आता सांग, हरी. वळणीवर काय वाळत घातलंय?"

मी वर पाहिलं. नुसता वेळू होता, त्यावर धूळ बसलेली.

मान खाली घेतली तेव्हा त्यांचा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलेलं, जुनं, खाजवून काळं पडलेलं. मानेवरही तेच. धाबळीची लोकर टोचरी, घोंगडीसारखी, आणि ती बाई सबंध पावसाळा, घामाच्या धारांत, चुलीपुढे ती नेसून बसलेली. घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. माझी नजर गेलेली पाहून त्यांनी पदर ओढून घेतला.

"काही नाही," मी म्हटलं. "वळणीवर काही नाही, आत्याबाई. माझं चुकलं. त्या दिवशी मी..."

"मोठ्याने बोललास ते चुकलं," त्या म्हणाल्या. "बोललास ते नाही. तू बोलला नसतास तर माझी सून गेली असती, आणि मी जन्मभर म्हटलं असतं, मुलगीच नाजूक होती."

मी तिथेच वाकून लांबून नमस्कार केला. त्या एक पाऊल पुढे आल्या आणि म्हणाल्या, "नीट कर. मी काय पुन्हा आंघोळ करीन."

आत्याबाई पुढे नऊ-दहा वर्षं होत्या. दर पावसाळ्याआधी मला बोलावून काच लावून घेत. धंद्यात मी नंतर पुष्कळ घरं पाहिली. वागळे इस्टेट उभी राहिल्यावर तिथल्या गोदामांतली ओल पाहिली, मोठाली यंत्रंही पाहिली. पण कुठेही गेलो की आधी सगळ्या खोल्या बघायचो, आणि सापडलं की हळू बोलायचो. दुसरं शिकायला मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तर आमच्या धाकट्याचं यंत्र. तो कामाला गेल्यावर मी घरभर फिरलो. त्याच्या झोपायच्या खोलीत, यंत्राला खेटून, कपडे वाळत घालायचा घडीचा घोडा उभा होता. त्यावर चादरी, अभ्रे, नातवाचे गणवेश, सगळं ओलं. सूनबाई आणखी एक टॉवेल पसरत होती. ती नोकरी करून घर सांभाळते, आणि बाहेर पाऊस, तिने तरी काय करावं? वाक्य ओठांवर आलं होतं. चांगलं खमंग वाक्य होतं, अजून तशी सुचतात.

मी म्हटलं, "पोरी, हा घोडा मी रोज गॅलरीत नेऊन ठेवत जाऊ का? वर पत्रा आहे, भिजणार नाही. मला बसून बसून कंटाळा येतो."

"अहो बाबा, तुम्ही कशाला?"

"असू दे गं. सवय आहे मला."

दुसऱ्या दिवशी बादली निम्मीच भरली. धाकटा म्हणाला, "बघा बाबा, मशीनला जरा वेळ द्यावा लागतो." मी म्हटलं, "हो रे, द्यावा लागतो," आणि बादली मोरीत ओतून आलो.